भोंगा झाल्यावर

तोफमावशी माइकसमोर उभ्या राहिल्या तेव्हा सभागृहात हशा पिकला. नाव लोकांनीच ठेवलेलं. बाई शिवणकाम करणाऱ्या, पण तोंड सुटलं की समोरचा गारद. कोळशाची खाण आता सरकारी जंगलात शिरणार होती आणि त्यावरच्या हरकती ऐकायला मोठे साहेब आले होते. आधी मावशींनी बोलायचं, मग बाकीच्यांनी एकेक करून उठायचं, असं वस्तीचं ठरलं होतं.

“साहेब, जंगल सरकारचं म्हणजे आमचंही,” मावशी म्हणाल्या. “खाणीच्या बाजूच्या विहिरी केव्हाच आटल्या. प्यायच्या पाण्याचा एकच झरा उरलाय, तो त्या जंगलात आहे. तोही गेला तर आम्ही...”

तेवढ्यात भोंगा झाला.

सुरुंग उडवण्याआधीचा भोंगा. तो ऐकला की इथे गॅसवरच्या दुधाकडेही कुणी बघत नाही. उघड्यावर यायचं, कानांत बोटं घालायची आणि धोका टळल्याचा दुसरा भोंगा होईपर्यंत छताखाली पाऊल टाकायचं नाही. मागे एकदा हादऱ्याने छत कोसळलं, त्यात मावशींची धाकटी जाऊ गेली. तेव्हापासून भोंगा झाला की सगळ्यांत आधी मावशीच उठतात. आजही तसंच झालं. वाक्य अर्धवट टाकून, “चला, उठा, बाहेर!” असं ओरडत त्या दाराकडे धावल्या. म्हाताऱ्याकोताऱ्यांना हात देत अख्खी वस्ती मैदानात आली.

सगळे कानांत बोटं घालून उभे राहिले. धमाका काही होईना.

मावशींची नजर खिडकीतून आत गेली. साहेब खुर्चीत बसून होते. शेजारी खाणीचे दोन अधिकारी निवांत चहा पीत होते. कुणीही कानाला हात लावला नव्हता.

मावशींनी बोटं काढली. माइकवरून साहेबांचा आवाज येत होता, “आणखी कुणाची हरकत?” समोर नुसत्या रिकाम्या खुर्च्या.

“अगं बाई! अहो, बनवलं आपल्याला! चला आत!”

कुणी हललं नाही. कानांत बोटं होती, ऐकू कुणाला जाणार? शेजारणीने डोळे विस्फारून उलट त्यांचाच पदर ओढला. तिला तरी काय बोलणार? ही शिस्त घरोघरी फिरून मावशींनीच लावली होती. पदर सोडवून त्या एकट्याच धावल्या.

दारात पिवळं हेल्मेट घातलेला खाणीचा सुरक्षा अधिकारी आडवा हात लावून उभा होता.

“मावशी, दुसरा भोंगा झाल्याशिवाय आत नाही. तुमच्याच जिवासाठी सांगतोय.”

“आणि आत बसलेत त्यांना जीव नाही?”

तो गोड हसला. हात मात्र तसाच राहिला.

“आणखी कुणाची हरकत?” आतून आवाज आला. “शेवटचं विचारतोय.”

“माझी आहे!” मावशी जिवाच्या आकांताने ओरडल्या. “साहेब, माझी हरकत आहे!”

साहेबांनी चष्म्यावरून दाराकडे पाहिलं.

“बाई, असं बाहेरून ओरडू नका,” ते शांतपणे म्हणाले. “काय सांगायचं ते आत येऊन सांगा.”