पलीकडचा काठ

"अहो पेंटर, समुद्राला पलीकडचा काठ नसतो," साहेब म्हणाले आणि हसू आवरेना म्हणून त्यांनी रुमाल तोंडाला लावला.

लातूर जिल्हा होऊन महिनाच झाला होता. ऑफिसात खुर्च्या पुरत नव्हत्या, नळ कोरडे होते. पण साहेब वेंगुर्ल्याचे, त्यांना इथं करमत नाही, हे हेडक्लार्क शेषेरावांनी बरोबर हेरलं आणि मोहियोद्दीन पेंटरकडून समुद्राचं चित्र काढून घेतलं. मोहियोद्दीनचा हात दुकानांच्या पाट्यांवर बसलेला. त्यानं पाणी निळंशार काढलं आणि पलीकडं घाट, पायऱ्या, वर दोन बाभळीसुद्धा.

शेषेरावांचं तोंड उतरलं. "समुद्र बघितलास का रे कधी?"

"न्हाई. कंधारचं तळं बघितलंय. लहानपणी आमी त्यालाच समिंदर म्हणायचो."

"पुस तो काठ. आत्ताच्या आत्ता."

मोहियोद्दीननं निळा रंग कालवला. बाभळी गेल्या, पायऱ्या गेल्या. पाणी मोकळं होत चाललं तसं साहेबांचं हसू थांबलं. त्यांना घराची फार आठवण आली. शेवटी घाटावरचा एक लाल ठिपका तेवढा उरला आणि तिथं ब्रश अडला.

"साहेब, एवढं ऱ्हाऊ द्या."

"काय आहे ते?"

"अम्मा हाय. पलीकडच्या घाटावर कपडे धुवायची. मी अलीकडून हाका मारायचो." तो ब्रश उगाच चिंधीला पुसत राहिला. "बहात्तरच्या दुष्काळात तळं आटलं तवा चालतच पलीकडं गेलो. अम्माला जाऊन चार वर्सं झाली होती. तरी गेलो."

शेषेराव चिडले. "आता भर समुद्रात बाई उभी करतोस? बघणारे काय म्हणतील?"

मोहियोद्दीननं ब्रश पुन्हा रंगात बुडवला. तेवढ्यात साहेब उठून चित्राजवळ आले.

"बाई कुठंय, शेषेराव? लाल शिडाची होडी आहे ती. आमच्याकडं असतात तशा."

शेषेरावांनी मान हलवली. साहेब म्हणतात म्हणजे होडीच.

मोहियोद्दीन मात्र त्या ठिपक्याकडं बघतच राहिला. मग दबक्या आवाजात त्यानं विचारलं, "साहेब, ती काठाला येती का?"

"येते की," साहेब म्हणाले. "संध्याकाळ झाली की सगळ्याच येतात."