रिकामी मात्रा

"ही शेवटची. हिच्यातपण तेच," योगिनी म्हणाली आणि पेन्सिलीने पानावर गोल काढला.

गोपीनाथ समोर बसून वाटाणे सोलत होते. त्यांची बायको शेवंती जाऊन आठ महिने झाले होते, तरी बाजारातून ते अजून दोघांपुरतंच आणत.

टेबलावर शेवंतीच्या एक्केचाळीस बंदिशी पसरल्या होत्या. बाळकुमच्या कोळ्याच्या घरात वाढलेल्या बाईने रागांत बांधलेल्या मराठी बंदिशी. त्यांत खाडी होती, वल्हं होतं, भरती-ओहोटी होती. नौपाड्यात भाड्याच्या खोलीत तिने तीस वर्षं गाणं शिकवलं. योगिनी तिची पहिली शिष्या. आता पुस्तक निघत होतं. संध्याकाळी पानं छापखान्यात जायची होती आणि गोपीनाथांची सही तेवढी राहिली होती.

"काका, बंदिशीच्या शेवटच्या ओळीत रचणाऱ्याचं नाव गुंफायची पद्धत आहे. बाईंनी एकाही बंदिशीत नाव घातलं नाही. जिथे नाव यायचं, नेमकी तिथेच एक मात्रा रिकामी सोडलीये. समेच्या आधी. एक्केचाळीस वेळा."

"मग?"

"मग उद्या कोणीतरी आपलं नाव घुसवेल तिथे आणि बंदिश त्याची होईल. होतं असं. 'शेवंती' एका मात्रेत छान बसतं. मी पेन्सिलीने लिहून ठेवलंय. तुम्ही हो म्हणा, शाईने करते."

गोपीनाथांनी शेंग खाली ठेवली. ती मात्रा रिकामी का, ते त्यांना माहीत होतं.

ते मानपाड्याच्या कारखान्यात पत्रा कापायच्या मशीनवर होते. डावा कान तिथेच गेला. गाण्यातलं त्यांना काही कळत नसे. पण शेवंती सकाळी नवीन काही बांधायला बसली की तबलजी कुठून आणणार? "अहो, बसा समोर. टाळी द्या," ती म्हणायची. चुलीवर भात असायचा, डबा व्हायचा होता, तोवर ते टाळी देत बसत. समेची, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेची टाळी मात्र दर वेळी एक मात्रा उशिरा पडायची. तिच्या तोंडाकडे बघत बसलं की हात राहून जायचा. ती ओठ मिटून थांबायची. टाळी पडली की विचारायची, "आलात?" आणि पुढे गायची.

"चूक तिची नाय," गोपीनाथ म्हणाले. "माझी आहे. मला कधी सम सापडली नाय. माझ्यासाठी थांबून थांबून तिला तीच सवय लागली. गाणं मी बिघडवलं तिचं."

"काका, बाई आणि सवयीने चुकणार? एका सुरासाठी मला महिनाभर घासायला लावलंय त्यांनी."

"तुला लावलं. मला कधी बोलली नाय. मला बोलायला हवं होतं तिने."

योगिनीने पान स्वतःकडे ओढलं. "बरं, पण मग नाव? नाव का नाही घातलं? आम्हाला तर विचारायची छाती नव्हती."

"नावाचं तिचं काय सांगू? माझ्या ऑपरेशनला नर्सने विचारलं, पेशंटचं नाव काय? हिच्या तोंडून माझं नाव निघेना. तुला कोपराने ढोसत होती."

"आणि नर्स मला म्हणते, ह्या बोलू शकत नाहीत का?"

दोघं हसले. मग गोपीनाथांनी पंच्याला हात पुसले.

"लिही तू. माझी चूक झाकली जाईल आणि तिचं नाव राहील. आण कागद."

योगिनीने कागद पुढे केला आणि पुन्हा मागे घेतला. "थांबा. शेवटच्या बंदिशीतला एक शब्द मला लागत नाहीये. बाईंच्या फोनमध्ये गाऊन ठेवलेली असेल का?"

फोन देव्हाऱ्याशेजारी होता. गोपीनाथ तो रोज चार्जिंगला लावायचे. उघडला मात्र कधीच नव्हता. आत तिचा आवाज असेल, याची त्यांना धास्ती होती.

"तू ऐक," ते म्हणाले. "मला नको ऐकवू."

योगिनी फोन घेऊन गॅलरीत गेली. गोपीनाथ पुन्हा शेंगा सोलू लागले. बराच वेळ झाला. एका शब्दाला एवढा वेळ कशाला, असं त्यांना वाटलं.

ती आत आली. पेनाला तिने हात लावला नाही. खोडरबर घेतला आणि पहिल्या पानावरचं 'शेवंती' खोडलं. मग दुसऱ्या पानावरचं. मग तिसऱ्यावरचं.

"अगं, काय करतेस? सही करतोय ना मी!"

योगिनी उठली, त्यांच्या उजव्या बाजूला आली आणि फोन त्यांच्या चांगल्या कानाला लावला.

शेवंती गात होती. आवाज थकलेला होता, पण सूर जागच्या जागी होता. शेवटची ओळ आली. ती थांबली. गोपीनाथांचा हात आपोआप वर गेला आणि टेबलावर पडला, एक मात्रा उशिरा. त्याच क्षणी ती समेवर आली.

मग फोनमध्ये रुचिताचा आवाज आला, शेवंतीच्या सगळ्यात लहान शिष्येचा. "बाई, इथे तुमचं नाव यायला हवं ना? तुम्ही रिकामंच ठेवलं."

शेवंती हसली.

"रिकामं कुठे गं? नाव आहे तिथे. पण आपल्यात नवऱ्याचं नाव तोंडाने घेत नाहीत."