शुभेच्छुक

महाळुंग्याच्या चौकात निवेदिताने स्कूटर थांबवली, कारण समोरच्या फ्लेक्सवर ज्योतीराम होता.

इथले पुढारी अण्णासाहेब यांचा वाढदिवस. आपल्याकडे बारसं असो की निवडणूक, फ्लेक्स लागल्याशिवाय ते झालं असं कुणी मानतच नाही. वर हात जोडलेले भलेमोठे अण्णासाहेब आणि खाली ‘शुभेच्छुक’ म्हणून पोरांच्या तोंडांच्या रांगा. शेवटच्या रांगेत, अगदी कडेला, टँकर चालवणारा ज्योतीराम. कंपन्यांचं केमिकलचं पाणी कुणाच्या हुकमाने नदीत सोडलं जातं, ते त्याने कालच एका टपरीमागे निवेदिताच्या कॅमेऱ्यासमोर सांगितलं होतं. हुकूम अण्णासाहेबांचा होता. बातमी आज संध्याकाळी चॅनलवर जाणार होती, त्याचा चेहरा धूसर करून, नाव न घेता. तसा शब्दच तिने त्याला दिला होता.

ती जवळ गेली. फोटोतला शर्ट कालचाच होता. फोटो कापताना त्याच्या खांद्याशी एक पिवळा तुकडा राहून गेला होता. तिच्या ओढणीचा. आज तिने दुसरी ओढणी घेतली होती, तरी हात आपोआप खांद्याकडे गेला. म्हणजे काल त्या टपरीमागे ते दोघेच नव्हते. तिने ज्योतीरामला फोन लावला. फोन बंद होता.

“बाई, येवढा येक फोटू काढता का माझा?” नवं पातळ नेसलेली एक म्हातारी, मंजुळाबाई, मोबाइल पुढे करून उभी होती. “त्यो कडंचा हाय न्हवं, त्यो माझा पोरगा. ज्योतीराम.”

निवेदिताने मोबाइल घेतला. मंजुळाबाई पदर सारखा करून लेकाच्या तोंडाखाली ताठ उभ्या राहिल्या.

“कुठे आहे तो, मावशी?”

“सकाळीच अण्णासायबांनी गाडी धाडली की. सत्कार हाय म्हनं. आजवर दुसऱ्याचीच गाडी चालवली त्यानं, आज मागं बसून गेला.”

खरं सांगून टाकावं असं निवेदिताला वाटलं. पण त्या बाईचं हसू बघून तिने मोबाइलच डोळ्यांसमोर धरला. कसाबसा फोटो काढून ती बाजूला गेली आणि दापोडीच्या ऑफिसात संपादकांना फोन लावला.

“श्रीपाद सर, बातमी आत्ता लावा. त्याचं तोंड झाकू नका. नावही टाका.”

“डोकं ठिकाणावर आहे का तुझं? शब्द दिलाय आपण त्याला.”

“त्याचं तोंड इथे चौकात लागलंय, सर. घरातून उचलून नेलंय त्याला. आता आपण झाकलं तर तो फक्त त्यांनाच दिसेल. सगळ्यांनी पाहिला तर त्याला हात लावायला ते कचरतील.”

आपण त्याला वाचवतोय की त्याच्या गळ्यात फास अडकवतोय, हे तिला स्वतःलाच कळत नव्हतं. तिने फोन दोन्ही हातांनी धरला.

“लावतो,” श्रीपाद म्हणाले. “तू आधी तिथून नीघ. आणि मी पोलिसांना कळवतोय.”

ती मोबाइल परत द्यायला आली. मंजुळाबाईंनी फोटो लांब धरून पाहिला, खूश झाल्या, मग मान वर करून फ्लेक्सकडे बघत राहिल्या.

“त्याच्या शेजारी कोन बाई हुती म्हनायची? नुसती वढनी दिसतीया.”

निवेदिता निघायला वळली. स्कूटरची किल्ली कुठे ठेवली ते आठवेना. तिने पर्स चाचपली, खिसे चाचपले.

“जाऊ नगा वो, थांबा की जरा,” म्हातारी आग्रहाने म्हणाली. “गाडी परत यायचीच हाय हिकडं. अजून येका म्याडमला न्यायचं राहिलंय म्हनत हुते.”

किल्ली तिच्या हातातच होती.