उरलेलं हाड

"मॅडम, साहेब फाटकातून आत आले!" शिपाईकाका धापा टाकत विज्ञानदालनात शिरले, तेव्हा अधीक्षकबाईंच्या हातात अजून हाड होतं.

चांगलं हातभर लांब. समोर डायनोसॉरचा सांगाडा डोक्यापासून शेपटीपर्यंत पुरा उभा होता. कुठे फट नाही, काही नाही. तरीही हे एक उरलं होतं. बाईंनी अख्खा उन्हाळा खपून तो स्वतःच्या हातांनी जोडला होता. साहेब आज राजधानीतल्या मोठ्या संग्रहालयातून तो तपासायला आले होते. त्यांना पसंत पडला तर सांगाडा इथेच राहणार, नाहीतर खोक्यांत भरून त्यांच्याबरोबर जाणार. बाईंचा जीव त्यात अडकला होता. पोटच्या पोरासारखी माया जडली होती म्हणा ना.

"काका, हे कुठंतरी ठेवून या. साहेबांच्या नजरेला पडता कामा नये."

साहेब आधी कलादालनात गेले. तिथे एका रिकाम्या चौथऱ्यावर हाड ऐटीत उभं होतं. बाईंच्या तोंडचं पाणी पळालं.

साहेब त्याच्याभोवती फेरी मारून म्हणाले, "आधुनिक शिल्प वाटतं?"

"हो. फारच आधुनिक."

"वा! वेदना जाणवते."

बाईंना ती केव्हाची पोटात जाणवत होती. साहेबांची पाठ वळताच त्यांनी काकांवर डोळे वटारले. काकांनी हाड उचललं आणि पुढे धूम ठोकली.

पुढे होतं इतिहासदालन. हत्यारांच्या कपाटात तलवारी, ढाली, कट्यारी, आणि मधोमध हाड. त्याला लाल रेशमी गोंडाही बांधलेला होता. नुसतं ठेवणं काकांना बरं दिसलं नसावं.

"हे कुठलं हत्यार?"

"गदा," बाई बोलून गेल्या. "सेनापतींची."

"बरेच धिप्पाड असतील सेनापती."

"छे, अंगाने किरकोळच. पण फार तापट."

साहेब नुसतंच "हं" म्हणाले. बाईंनी पुन्हा डोळे वटारले. काका पुन्हा पळाले.

विज्ञानदालनात साहेबांनी स्टूल मागवलं. वर चढून त्यांनी कवटी ठोकून पाहिली, बरगड्यांवरून हात फिरवला, शेपूट हलवून पाहिली. मग खाली उतरून ते थेट कोपऱ्याकडे गेले. तिथे काका दोन्ही हात पाठीमागे घेऊन ताठ उभे होते. त्यांच्या खांद्यामागून लाल गोंडा डोकावत होता.

साहेबांनी हात पुढे केला. काकांनी मुकाट्याने हाड त्यात ठेवलं.

आता लपवायला उरलंच काय होतं? "जास्तीचं उरलं, साहेब," बाई रडवेल्या होऊन म्हणाल्या. "कुठं बसतं तेच कळेना. मला काय बोलायचं ते बोला, पण माझ्या डायनोसॉरला नेऊ नका हो!"

साहेबांनी आधी दाराबाहेर डोकावून पाहिलं. मग दार लोटून घेतलं.

"कोण नेतंय? राहू दे इथंच," ते हळूच म्हणाले. "आणि एका हाडासाठी रडता कशाला, बाई? आमच्याकडे तर एवढी हाडं उरली, की शेवटी शेजारी एक पिल्लू उभं करावं लागलं."