दोन पोती मीठ

लहानूकाकाने सोनचाफ्याच्या बुंध्यापासून दोन पावलं मोजली, टाचेने मातीत रेघ ओढली आणि दिनेश लगबगीने पुढे आला.

“काका, इथं नको. तिकडं बांधाच्या कडेला घेऊ.”

“वयनीनं हीच जागा मागितली हाय,” काका म्हणाला. “समद्यांसमोर मागितली.”

मागितली होती खरी. चार दिवसांपूर्वी दिनेशची आई रंगूबाई खाटेवर उठून बसली आणि ओट्यावरच्या माणसांनाही ऐकू जाईल असं म्हणाली, “मला समाजाच्या जागेत नेऊ नका. माझ्या चाफ्यापाशी बसवा.” गोसाव्यांत माणसाला जाळत नाहीत. मांडी घालून बसवतात, मीठ टाकतात आणि समाधी देतात. आज पहाटे ती गेली, आणि मखमलाबादच्या मळ्यात पाय ठेवायला जागा उरली नाही. पंचवटीच्या फुलबाजारातल्या बायका टोपल्या तशाच टाकून आल्या होत्या. त्यांच्यातल्या प्रत्येकीला रंगूबाईने कधी ना कधी पोटाशी धरलेलं होतं.

दिनेशने सकाळपासून सगळे उपाय करून पाहिले. समाजाच्या जागेत आजी-आजोबा आहेत, म्हणाला. उद्या रस्त्यात मळा गेला तर आईची समाधी उखडतील, म्हणाला. लोकांनी एकमेकांकडे पाहिलं. मुलाचा डोळा प्लॉटवर आहे हे त्यांच्या लगेच लक्षात आलं. अशा बाबतीत लोक फार हुशार असतात. बहीण प्रतिभा द्वारका चौकातल्या वाहनांच्या गर्दीत अडकली होती. तिथून ती फोनवर रडत ओरडली, “दादा, आईला चार हात जागा द्यायला जड झालं तुला?”

त्याने फोन ठेवून दिला. सांगणार तरी काय?

तेहतीस वर्षांपूर्वी, नऊ वर्षांचा असताना, त्याने थंडीतल्या एका पहाटे आईला याच जागी फावड्याने माती लोटताना पाहिलं होतं. धुकं इतकं दाट होतं की आईपलीकडचं काहीच दिसत नव्हतं. आदल्या संध्याकाळी बाप पिऊन आला होता. त्याने तिला केसांना धरून गोठ्यात नेलं होतं. आरडाओरडा बराच वेळ चालला आणि मग एकदम थांबला. सकाळी आई म्हणाली, “तुझे वडील वणीच्या गडावर गेलेत. येतील.” त्याच आठवड्यात तिने तिथे सोनचाफा लावला.

दिनेशने कधी विचारलं नाही. तिनेही कधी सांगितलं नाही. बायकोपाशीसुद्धा त्याने याबद्दल चकार शब्द काढला नव्हता. आईवर त्याचा जीव होता, आणि तिच्यासाठी त्याला एवढंच करता येण्यासारखं होतं. आता मात्र समाधीला गळ्याइतका खड्डा लागणार होता. ज्या बाईला सगळा बाजार माऊली म्हणत होता, तिला तासाभरात लोक काय म्हणतील, हे त्याला दिसत होतं.

त्यात खणणारा कोण, तर लहानूकाका. बापाचा सख्खा धाकटा भाऊ. दर चैत्रात तो भावाला शोधायला वणीच्या यात्रेला जायचा. येताना वहिनीसाठी हिरव्या बांगड्या आणायचा आणि पारावर बसून सांगायचा, “यंदा एकानं पाह्यलं म्हणे त्याला. दाढी वाढलीय. बैराग्यांत हाय.” गावाला ते पटायचं. रंगूबाई बांगड्या भरायची, कपाळभर कुंकू लावायची. आजही तिच्या हातात तो चुडा होता. काका वणीहून आला की दिनेश मात्र मळ्यात निघून जायचा. जगात त्याला कुणाची भीती वाटली असेल, तर या माणसाची.

“द्या काका, मी खणतो,” त्याने कुदळ धरली.

“सोड. वयनीची जागा मीच खांदणार. मीठ आणलं का?”

“आणलं. पण दोन पोती कशाला? आईच्या अंगात काय राहिलं होतं? एक पुष्कळ झालं असतं.”

“दोन लागत्यात.”

मदतीला आलेल्या दोघांना काकाने बेलाची पानं आणायला पिटाळलं. सत्तरीचा माणूस, पण हात थांबत नव्हता. खड्डा गुडघ्याएवढा झाला, मग कमरेएवढा. खट्ट आवाज झाला आणि दिनेशने डोळे मिटून घेतले. दगड निघाला. काकाने तो वर फेकला आणि पुन्हा कुदळ उचलली.

खड्डा छातीएवढा झाला तेव्हा कुदळ थांबली. या वेळी आवाज झाला नाही. काका वाकला. कडेची माती बोटांनी उकरू लागला. त्याच्या हातात तांब्याचं एक कडं आलं, बापाच्या मनगटातलं, हिरवंगार पडलेलं. ते त्याने धोतराला पुसलं आणि कितीतरी वेळ पाहत राहिला.

दिनेश खड्ड्याच्या काठावर मटकन बसला. घराकडून भजनाचा आवाज येऊ लागला होता. आईला आणत होते.

“तुला ठावं व्हतं?” काकाने वर न बघता विचारलं.

“मी पाहिलं होतं आईला. पहाटेचं.” त्याला रडू आवरेना. “काका, तुमच्या पाया पडतो. आजचा दिवस तिला नीट जाऊ द्या. उद्या मी स्वतः तुमच्याबरोबर पोलिसांत येतो. तुमचा भाऊ होता, तुम्ही म्हणाल ते करू. पण आज तिला कुणी काही बोलायला नको.”

काकाने कडं होतं तिथे परत ठेवलं. त्यावर ओंजळभर माती टाकून ती हाताने थापटली. भजन चाफ्याच्या दिशेने सरकत होतं. काकाने मान वर केली आणि दोन्ही हात पुढे केले.

“एक पोतं इकडं ढकल, बिगी बिगी. ते येण्याआधी त्याचं उरकू.”

“त्याचं?”

“उजाडाया लागलं व्हतं रे. वयनी अन् मी, दोघांची घाई झाली. त्याला मीठ टाकायचं ऱ्हाऊनच गेलं.”