स्वस्तातला अंधार

"रमे, लाईन आणलीस ना तू? मग रोज संध्याकाळी माझ्या दवाखान्यात अंधार का गं?" शैलजाताई फोनवर कडाडली.

रमाच्या हातात पोहे-जलेबीची प्लेट होती. ऑफिसात आज तिचाच सत्कार होता. पाच भागांची वीज एकमेकांशी जोडणारं कॉम्प्युटर मॉडेल तिनं खपून उभं केलं होतं. कुणाकडे जास्त, कुणाकडे कमी, कुणी कुणाला किती द्यायची, हे आता त्याच्याच हिशोबानं ठरत होतं. डोंगरपट्ट्याला त्यात कुणी घेतच नव्हतं. 'वहां लाईन का क्या काम?' म्हणणाऱ्यांशी रमा मीटिंगमध्ये हमरीतुमरीवर आली होती. का नाही येणार? सख्खी बहीण तिथे डॉक्टर, बाळंतपणं करते.

"ताई, असं होणारच नाही."

"होतंय ना पण! आधी इथल्या छोट्या धरणाची वीज कशीबशी पुरायची. लाईन आल्यापासून सात वाजले की तीही गुल. काल अवघ्या दीड किलोचं बाळ, आणि त्याला ऊब देणारा वॉर्मर बंद. आईच्या उघड्या छातीशी बांधून ठेवलं, म्हणून वाचलं. दर वेळी नाही वाचणार बाई. बघ काहीतरी."

रमानं प्लेट ठेवली आणि लॅपटॉप उघडला. शोधायला वेळ लागलाच नाही. वीज गेली तर कुठल्या भागाचं किती नुकसान होतं, हे मॉडेलला आधी सांगावं लागतं. सगळे ते तिथल्या कमाईवरून काढतात, तिनंही तसंच काढलं होतं. इंदूरला कारखाने, मॉल, ऑफिसं. डोंगरावर काय, मक्याची शेतं नि चार दुकानं! तुटवडा पडला की मॉडेल सगळ्यात स्वस्त अंधार शोधायचं. आधी डोंगराची वीज खाली आणायला वाट नव्हती. ती वाट रमानंच भांडून करून दिली होती.

ती तडक साहेबांच्या, जयेशजींच्या केबिनमध्ये गेली. "सर, सगळ्या भागांचं नुकसान सारखंच धरू या. एवढंच बदलायचंय."

"बदला की!" साहेब जलेबी चघळत म्हणाले. "मग उन्हाळ्यात इथे इंदूरला, तुमच्या राजेंद्र नगरात रोज लाईट जाईल. लोक विचारतील, भिया, किसने किया? नाव तुमचंच सांगू ना?"

रमाच्या डोळ्यांपुढे तिची सोसायटी आली. बंद पडलेली लिफ्ट, चौथ्या मजल्यावर अडकलेल्या सासूबाई, मुलाचं, शार्दूलचं परीक्षेचं वर्ष, शेजाऱ्यांची तोंडं. तिला स्वतःची लाज वाटली, अगदी मनापासून वाटली. तरी तिनं बदलाचा विषय तिथेच सोडला.

बाहेर येऊन तिनं फोन लावला.

"सापडली का गं चूक?" ताईनं विचारलं.

"मॉडेलमध्ये चूक नाही ताई. ते बरोबर चाललंय."

"तू स्वतः बघितलंस?"

"हो."

"मग आमच्याच ट्रान्सफॉर्मरमध्ये काहीतरी बिघाड असेल," ताई ओशाळून म्हणाली. "उगाच तुला बोलले गं."