चौदा नंबरचा पाना

"आई, चौदा नंबरचा एक पाना दे गं."

"खंडेनवमी आहे. पूजेतलं हत्यार उद्यापर्यंत हलवायचं नाही."

काल मी गाडीचे ब्रेक पॅड घरीच बदलायला घेतले. अंधार पडला, म्हणून काढलेलं चाक तसंच ठेवलं. सकाळी बघतो तर आईने माझे सगळे पाने देवापुढे पाटावर मांडून हळदकुंकू वाहिलेलं. शेजाऱ्यांचेही पूजेत, गॅरेज बंद.

"तुझी सून दहाला स्टँडवर उतरतेय, तान्ह्या नातवाला घेऊन!"

"रिक्षा मिळतात की."

जॅकवर टेकवलेल्या गाडीशेजारी मी चरफडत बसलो. अकराला बायको रिक्षातून उतरली, घामाघूम, एका हातात बाळ, दुसऱ्यात बॅग. बॅग माझ्या पायाशी आपटून आत गेली.

बाराला आई ठेवणीतली साडी नेसून, ओटीचं ताट घेऊन बाहेर आली. "चल, मला देवीला सोड."

मी चाक नसलेल्या गाडीकडे बोट दाखवलं.

ती आत गेली आणि हळदीने माखलेला पाना घेऊन आली. "घे. देवीच्या कामाला चालतं."

मी तो नेऊन पाटावर परत ठेवला. "रिक्षा मिळतात की, आई."